वरून दिसलेलं लग्न

आमच्या गच्चीवरून लग्नसराई आधी ऐकू येते आणि मग दिसते. पूर्वी ती सनईच्या घासलेल्या कॅसेटवरून कळायची, पुढे बँडवरून, मग खिडक्यांच्या काचा हलवणाऱ्या डॉल्बीवरून. अलीकडे एक बारीक, चिवट भुणभुण येते. कानाशी डास यावा तशी. फरक इतकाच की या डासाला हाकलता येत नाही, कारण तो बहुधा वरपक्षाचा असतो.

परवा संध्याकाळी गच्चीवर पाणी मारत होतो. दिवसभर तापलेल्या फरशीवर पाणी पडलं की ती आधी चरचरते, मग पावडरीसारखा वास सोडते आणि दहा मिनिटांत पुन्हा कोरडी होऊन बसते. पलीकडे एक ‘लॉन्स’ आहे. सोलापुरात गवत उगवत नाही, म्हणून लग्नाच्या जागेला आपण लॉन्स म्हणतो. तिथल्या हिरव्या सतरंजीवरून एक ड्रोन उठला, मांडवाच्या वर आला आणि घारींच्या मधे जाऊन थांबला. घारी जरा बाजूला सरकल्या. त्यांच्या सरकण्यात भीती नव्हती. पंगतीत शेजारी कुणी भलता माणूस येऊन बसल्यावर आपण सरकतो, तसं होतं ते. मी पाइप बंद केला आणि खाली आलो. त्या आवाजात मला गच्चीवर थांबवत नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची लग्नसराई मला याच भुणभुणीसकट आठवते. माझ्या धाकट्या भावाची, मल्लिनाथची मुलगी शिवानी, त्या सराईत लग्न होऊन करमाळ्याला गेली. आमच्या घरातली ही शेवटची मुलगी. आणि आमच्याकडे एक रीत आहे: मुलीच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक घरातल्या बाईनं स्वतः रचायचं आणि स्वतःच म्हणायचं. माझी मोठी बहीण गिरिजक्का हे काम कित्येक वर्षं करत आली. तिच्या कडव्यांत नद्यांची आणि देवांची यादी नसते. शेंगाची चटणी असते, माहेरच्या गच्चीवरची झोप असते, ‘हिला रविवारी उशिरा उठू द्या’ अशी सासूला सरळ विनंती असते. तीन ओळी मराठी आणि चौथी कन्नड, कारण आमची आई रडायची ती कन्नडमध्ये. चौथ्या ओळीच्या शेवटी ‘नम्म मगळु’ येतं. आमची लेक. तिथे मांडवातले बाप्येसुद्धा नाकं पुसतात.

त्या वर्षी गिरिजक्काच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. आवाज राहिला, पण पातळ झाला. विरलेल्या साडीतून पलीकडचं दिसावं तसा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हाही किती दिवस राहील सांगता येत नाही, जपून वापरा. तिनं तो जपला. भाजीवाल्याशी बोलेना, फोन घेईना, मला तर हातानंच गप्प करी. सगळं कशासाठी, तर चार ओळींसाठी.

“आत्या, तू म्हणणार असशील तरच मी अंतरपाटामागं उभी राहते,” शिवानीनं सांगून टाकलं होतं.

“आणि नाही म्हटलं तर?”

“मग रजिस्टर लग्न. बाबाला सांग हॉल परत करायला.”

नव्या पेठेतला बस्ता आठवतो. गादीवर आम्ही मांड्या घालून बसलेलो, समोर साड्यांचे ढीग, बाहेर रिक्षांचे हॉर्न, वर पंखा गरम हवा ढवळतोय. व्याह्यांकडच्या बायका पदर ताणून बघत होत्या आणि दुकानदार प्रत्येक साडीला ‘ही तुम्हीच घेणार’ म्हणत होता. गिरिजक्का भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. झोपली असं सगळ्यांना वाटलं. मी शेजारी होतो म्हणून मला कळलं, ती ओठांतल्या ओठांत चौथी ओळ लावून बघत होती. पंख्याच्या आवाजाखाली ती ओळ मला जेमतेम ऐकू आली. मनात आलं, मांडवात हिला शांतता मिळायला हवी. मग लक्षात आलं की मी सोलापुरातल्या लग्नाबद्दल विचार करतोय.

नवऱ्या मुलाचे चुलते बापूसाहेब हे करमाळ्याच्या बाजारात आडते. चांगलं चाललेलं दुकान, पांढरे बूट, दंडाला घट्ट बसणारा सदरा. ज्या माणसानं आयुष्यभर ज्वारीच्या पोत्यात मूठ घालून माल ओळखला, त्याला साठीला आल्यावर एकदम आकाशाची ओढ लागली. पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनातून त्यांनी ड्रोन आणला होता. भाड्याचा ड्रोनवाला बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटे. घोडी भाड्यानं आणली तरी चालते, ड्रोन घरचा पाहिजे.

“पावनं, आपला सोताचा हाय,” त्यांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं. “लगीन वरनं दिसलं पायजे. खालनं काय, समद्यांनाच दिसतंय की.”

“परवानगी वगैरे लागत असेल ना?”

“न्हाय न्हाय. अडीचशे ग्रॅमच्या आतला हाय. वजन करूनच घेतलंय.”

आडत्याच्या वजनाबद्दल शंका घेणं मला प्रशस्त वाटलं नाही. पण पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगितलं की ड्रोनच्या पोटाला ते गुलाबपाकळ्यांची एक कापडी पिशवी बांधणार आहेत, म्हणजे नवरानवरीवर आकाशातून पुष्पवृष्टी होईल. पुराणात हे काम देवांकडे असतं. ती जागा रिकामी पडलीय असा बापूसाहेबांचा समज दिसला. पिशवीचं वजन मोजलं का, हे मी विचारलं नाही. पिशव्यांचं वजन मोजायची त्यांच्या धंद्यात पद्धत नसावी.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं तेव्हा ऊन डोळ्यांत शिरत होतं. बँडवाल्यांचे लाल कोट घामानं काळे झालेले, रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवणारं. बापूसाहेबांनी जीपच्या बॉनेटवरून ड्रोन उडवला आणि मान खाली घालून हातातल्या पडद्याकडे बघत चालू लागले. वर उडणाऱ्या वस्तूकडे वर बघायचं असतं, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. ते मधे बँडच्या ढोलाला धडकले, मग एका म्हशीला. म्हशीनं समजूतदारपणे वाट दिली. वरात नाचत कार्यालयाच्या दारात पोचली, जीप पुढे नेऊन सावलीत लावली गेली आणि ड्रोनची बॅटरी संपत आली.

आता या यंत्राची एक सवय असते. बॅटरी संपत आली की ते जिथून उठलं तिथे आपोआप परत जाऊन उतरतं. जीप हलली हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो शिस्तीत मागे फिरला आणि जीप जिथे होती तिथे उतरू लागला. तिथे आता मठ्ठ्यासाठी बर्फ घेऊन आलेला हातगाडा उभा होता. गोणपाटानं झाकलेल्या लादीवर ड्रोन जाऊन बसला. त्या दिवशी थंडाव्याला बसलेला एवढा एकच वऱ्हाडी मी पाहिला.

“परत आला बघा बरोबर,” बापूसाहेब चौघांना सांगत होते. “लई हुशार हाय.”

मुहूर्ताला अवकाश होता. बापूसाहेबांनी बॅटरी बदलली, ड्रोनचं खोकं माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि ते फेटा नीट करायला गेले. खोक्यात एक माहितीपुस्तिका होती, अजून प्लास्टिकच्या कागदातच. छापलेलं काहीही समोर आलं की मला ते वाचल्याशिवाय राहवत नाही. मी औषधांच्या बाटल्यांवरचे कागदही वाचतो. मी ती उघडली. शहाण्या माणसानं लिहिलेली होती. माणसांच्या डोक्यावरून उडवू नका. चेहऱ्याजवळ नेऊ नका. वारा असेल तर उडवू नका. त्याला काही टांगू नका. पात्यांभोवतीच्या जाळ्या काढू नका. जाळ्या खोक्यातच होत्या, काढून ठेवलेल्या. बापूसाहेब परत आल्यावर मी त्यांना त्या दाखवल्या.

“त्या लावल्या की पाळण्यावाणी दिसतंय,” ते म्हणाले. “शोभत न्हाय.”

“पण पात्यांनी कुणाला लागलं तर?”

“अवो, प्लास्टिक हाय त्ये. तुमी मास्तर लोक लई भेता बगा.”

मी मास्तर नाही. पण पुस्तिका वाचणारा माणूस मास्तरच असणार, असं त्यांनी धरलं होतं.

मी मल्लिनाथला बाजूला घेतलं. “मंगलाष्टकांपुरता तरी तो खाली ठेवायला सांग. अक्काचा आवाज ऐकू येणार नाही.”

“दादा, गप बस की,” मल्लिनाथ रुमालानं मान पुसत म्हणाला. “वरपक्ष आहे. त्यांनी सनई बंद करा म्हटलं तरी मी करणार. तू ड्रोनचं काय घेऊन बसलायस?”

मुलीचा बाप लग्नाच्या दिवशी कसा दिसतो, ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं आणि परत येऊन खुर्चीवर बसलो.

मग सत्कार सुरू झाले. लग्नात सत्कार का असतात, हे मला आजवर कुणी नीट समजावून दिलेलं नाही. माईकवरचा माणूस कोमट आवाजात एकेक माजी पद उच्चारत होता. माजी सभापती, माजी उपसभापती, माजी संचालक, आणि एक जण तर ‘माजी इच्छुक’ होते, असं मला ऐकू आलं. प्रत्येकाला त्या उकाड्यात लोकरीची शाल पांघरली जात होती. शाल घेतलेला माणूस घाम पुसायला तीच शाल वापरत होता. मोगरा कोमेजून त्याला उसाच्या चिपाडासारखा वास यायला लागला होता. मंचाच्या कडेला गिरिजक्का बसली होती, हातात कोमट पाण्याचा पेला. दर थोड्या वेळानं ती एक घोट घ्यायची आणि अंतरपाट धरायला नेमलेल्या दोघांकडे बघायची, अजून का नाही अशा नजरेनं.

मुहूर्त टळता टळता लग्न लावणारे स्वामी उठले. अंतरपाट धरला गेला. मांडवात अक्षता आधीच वाटल्या होत्या. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात, हळदीकुंकवात रंगवलेल्या. तांदूळ हवेत रेंगाळतो; ज्वारी सरळ जाते. शिवाय आमच्या माणसांना अक्षता वाहायचं माहीत नाही. त्या मारायच्या असतात. मागच्या रांगेत बसलेला माणूस नवरानवरीवर नेम धरतो आणि पुढच्या रांगेतल्या टकलांना तो प्रसाद मिळतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून पुढे बसणारे डोक्यावर पिशवी घेऊन बसतात. करमाळ्याचे आडते बापूसाहेब ज्वारी ओळखत होते. आमची माणसं ओळखत नव्हते.

पहिल्या अष्टकाला ड्रोन मांडवाच्या छताखाली, नवरानवरीच्या बरोबर वर येऊन थांबला. पाकळ्यांची पिशवी खाली लटकत होती. ‘सावधान’ झालं आणि मागच्या खुर्च्यांवरून पहिला मारा आला. बराचसा नेहमीसारखा पुढच्या टकलांवर पडला, पण काही दाणे ड्रोनला लागले. लागल्याचा आवाज आला, टण. मांडवात एक आनंदाची लाट पसरली. लोकांना खेळ सापडला होता. दुसऱ्या अष्टकाला नवऱ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

“जरा डावीकडं मार की.”

“थांब, खाली येऊ दे त्याला.”

“माझी पोचली बघ. पोटाला लागली.”

पाती लागलेला दाणा परत फेकत होती. पुढच्या रांगेतली एक बाई गालाला हात लावून इकडेतिकडे बघू लागली.

मग माईक गिरिजक्काच्या हातात आला. ती उभी राहिली. शिवानीनं अंतरपाटाआडून मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. मांडव खरोखर गप्प झाला. आमच्या नात्यातल्या सगळ्यांना तिच्या गळ्याचं माहीत होतं. एका श्वासापुरती ती शांतता मला मिळाली, जी मी नव्या पेठेत मागितली होती.

बापूसाहेबांनाही कुणीतरी सांगितलं असावं की या बाईंचं कडवं विशेष आहे. त्यांनी विशेष मान द्यायचं ठरवलं. “आत्याबाईंचा क्लोजप घेतो,” असं म्हणत त्यांनी ड्रोन खाली आणला, थेट तिच्या तोंडासमोर, दोन हातांवर.

पंख्याखाली बसून बारीक आवाज ऐकणं निराळं आणि चार पंखे तोंडासमोर उडत असताना ऐकणं निराळं. माईकनं भेदभाव केला नाही. त्यानं भुणभुण उचलली आणि चारी कर्ण्यांतून मांडवभर वाजवली. पात्यांच्या वाऱ्यानं अंतरपाट फुगला, मग खालून उचलला गेला आणि मुहूर्ताच्या आधीच नवरानवरीनं एकमेकांना नीट बघून घेतलं. अंतरपाट धरणारे दोघे तो ओढून खाली आणायला लागले, जसं वाळत घातलेलं धोतर वाऱ्यात धरावं. बायका तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या. गिरिजक्कानं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. ती थांबली नाही. एवढे दिवस जपलेलं सगळं तिनं त्या कर्ण्यांत ओतलं आणि कर्ण्यांतून एक डास बाहेर आला.

कडवं संपलं ते कुणालाच कळलं नाही. स्वामींना अंदाज आला, त्यांनी हात वर केला. तो हात म्हणजे ‘सावधान’ असं धरून सगळ्या मांडवानं उरलेल्या मुठी एकदम रिकाम्या केल्या, आणि नेम या वेळी मंचावरच होता, कारण ड्रोन तिथेच होता. ज्वारीचा तो मारा बसताच यंत्र आधी शहारलं, मग पिशवी डोलली, मग ते तिरकं होऊन शिवानीच्या चेहऱ्याकडे गेलं. गिरिजक्कानं माईक टाकून मधे हात घातला. ड्रोन तिच्या बोटांना लागून फुलांच्या कमानीत शिरला आणि तिथे थोडा वेळ झेंडू चिरत राहिला. पाकळ्यांची पिशवी फाटली. ठरल्याप्रमाणे पुष्पवृष्टी झाली, फक्त स्वामींवर.

बोटांतून रक्त आलं. हळद ताटातच होती. शिवानीनं स्वतःच्या लग्नाच्या हळदीची चिमूट आत्याच्या बोटांवर दाबली आणि बँडवाल्यांनी जोरात सुरुवात केली, कारण त्यांना वाटलं की लग्न लागलं. ते लागलंच होतं.

बापूसाहेब कमानीतून ड्रोन सोडवत होते. “अक्षता हळू टाकायच्या असत्यात,” ते मल्लिनाथला म्हणाले. “तुमच्याकडची मान्सं ज्वारी फेकत्यात की जोंधळ्यातली पाखरं हाकलत्यात?” मल्लिनाथनं हात जोडले. मला त्या जोडलेल्या हातांची चीड आली, आणि त्याहून जास्त त्या प्रश्नाची, कारण तो खरा होता.

गिरिजक्का जेवायला बसली तेव्हा तिला वाढायला मी होतो. जिलेबी नको म्हणाली, तेही मान हलवून. नंतर कधीतरी मठ्ठ्याचा पेला माझ्याकडे सरकवत तिनं विचारलं, “ऐकू आलं का?” तेही अर्धं खुणेनंच. मी हो म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझं खोटं लहानपणापासून ओळखता येतं.

त्यानंतर तिचा आवाज महिन्याभरात गेला. आता कुजबुजते. तेही शेजारी बसावं तेव्हा ऐकू येतं.

माणसांना वर जायची हौस काही आजची नाही. राजे अंबारीत बसत, सरदार माडीवरून बघत, आपले पुढारी मंचावर चढतात आणि मंच कमी पडला तर मंचावर खुर्ची ठेवतात. वरून बघणाऱ्याला एक गोष्ट निश्चित मिळते: खालची माणसं सारखी दिसतात. टक्कल, फेटा, पदर, टक्कल. वरून कुणाचं तोंड दिसत नाही, म्हणजे कुणाला काही बोलायचं होतं हेही कळत नाही. बापूसाहेबांना दुष्ट म्हणायची सोय नाही. मान देतानाही त्यांना उंचीच सुचली, एवढंच. असे सज्जन लोक माझ्या माहितीत पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापासून मी दुष्टांपेक्षा लांब राहतो.

लग्नाची फिल्म करमाळ्याहून यथावकाश आली. पेनड्राइव्ह लाल मखमली डबीत, जणू आत दागिना. ती तेव्हा कुणी बघितली नाही. मल्लिनाथनं डबी कपाटात ठेवून दिली.

परवा गच्चीवरून खाली आलो तेव्हा शिवानी माहेरपणाला आलेली होती. गिरिजक्का सोफ्यावर, बोटांवर ती पांढरी रेघ अजून आहे. बाहेर लॉन्सवरची भुणभुण चालूच होती. शिवानीनं उठून खिडक्या लावल्या आणि म्हणाली, “काका, ती डबी कुठंय? बघू या तरी एकदा.”

मल्लिनाथनं कपाटातून डबी काढून दिली आणि फिल्म सुरू झाली. आधी ढगांतून नावं आली. मग वरात वरून, फेटे वरून, मांडवाचं कापड वरून, एक म्हैस वरून. सगळ्यावर सिनेमाचं गाणं घातलेलं. शिवानी म्हणाली, “हे गाणं कुणी घातलं?”

“ड्रोन आवाज घेत नाही,” मी म्हणालो. “पुस्तिकेत लिहिलं होतं.”

म्हणजे त्या दिवशी मांडवभर वाजलेला आवाज ज्यानं केला, त्यानं स्वतः काहीच ऐकलं नव्हतं. शिवानीनं टीव्हीचा आवाज बंद केला.

मग पडद्यावर मंच जवळ येत गेला, आणि गिरिजक्काचा चेहरा आला. पूर्ण पडदाभर. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, कडेला फुगलेल्या अंतरपाटाचा एक कोपरा. इतक्या जवळून तिला आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. ओठ हलायला लागले.

सोफ्यावरची गिरिजक्का पुढे सरकली. स्वतःच्या ओठांकडे बघत, त्यांच्या बरोबरीनं, तिनं कुजबुजायला सुरुवात केली. गच्चीवरची झोप. शेंगाची चटणी. हिला रविवारी उशिरा उठू द्या. खोलीत आम्ही चौघंच होतो आणि खिडक्या लावलेल्या होत्या. ‘नम्म मगळु’ स्वच्छ ऐकू आलं. मल्लिनाथ नाक पुसायला उठून आत गेला.

पडद्यावर कुठूनतरी ज्वारीचा पहिला दाणा उडत आला. चित्र हललं. शिवानीनं तिथेच थांबवलं आणि रिमोट उचलून मागे घेतलं.

“आत्या,” ती म्हणाली, “परत.”